फोड आणि पुण्य
दरवर्षी वडगाव निंबाळकरहून बारामतीला जाऊन मी तुकोबांच्या पालखीत मिसळतो. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. यंदा मात्र माझं लक्ष एका आजींच्या टाचेवर: रुपयाएवढा, पाणी धरलेला फोड. नात सुई घेऊन बसलेली.

"फोडू नको. वरची कातडी हीच मलमपट्टी. धुऊन कोरडं कर, सैल पट्टी बांध."

"दुखू दे की माऊली," आजी म्हणाल्या. "दुखल्याबिगर वारी कसली?"

मला साखर आहे, तळवे बधिर. खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून बूट घालून चालतो, रोज रात्री आरशात तळवे बघतो. लोक हसतात, हसोत. पण दुखणं हेच पुण्य असेल, तर माझ्या खात्यावर काय जमा? मी विचारलं.

आजींनी वाकून माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांना हात लावला.