‘माझ्याकडे तर चालतंय’

फोन मधूनमधून गोठतो. आपण तो दुरुस्तीला नेतो आणि काउंटरवर ठेवताच तो शहाण्यासारखा चालू लागतो. दुकानदार आपल्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात निकाल लागलेला असतो : बिघाड फोनमध्ये नाही, तुमच्यात आहे. प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो नैतिक आहे. जो दोष मला दिसत नाही, त्याबद्दल दुसऱ्याच्या शब्दाला मी किती किंमत द्यायची?

असे दोष येतात कुठून? उलव्याच्या लोकलचंच उदाहरण घ्या. खारकोपरला काही गाड्या नेरूळहून येतात, काही बेलापूरहून. दोन्ही वाटा पुढे एकाच मार्गाला मिळतात. आधी कोण, हे सिग्नल ठरवतो. समजा, सिग्नलच्या नियमात बारीकशी फट राहिली. गाड्या वेगवेगळ्या वेळी येतात तोवर महिनोन्‌महिने काही बिघडणार नाही. दोन्ही एकाच क्षणी पोचल्या, तरच घात. ऑपरेटिंग सिस्टीममध्येही अनेक कामं एकाच वेळी त्याच मेमरीवर हक्क सांगत असतात. या शर्यतीला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. तपासायला जावं, तर वेळांचा तो मेळ पुन्हा जुळत नाही. कधी तपासासाठी घातलेल्या दोन ओळींनीच वेग बदलतो आणि दोष दडी मारतो.

मार्च १९८६. अमेरिकेतल्या टायलर शहरात ‘थेरॅक-२५’ या रेडिएशन यंत्राने एका कॅन्सर रुग्णाला कितीतरी पट जास्त मात्रा दिली. पडद्यावर एवढंच : ‘मालफंक्शन ५४’. रुग्ण सांगत होता, विजेचा झटका बसला. कंपनीच्या इंजिनियरांनी तपासलं. त्यांना दोष दिसला नाही. जास्त मात्रा जाणं शक्यच नाही, असं सांगितलं गेलं. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण सापडला. दोघेही पुढे दगावले.

मग रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने यंत्र चालवणाऱ्या बाईंना सोबत घेतलं आणि त्यांनी केलं होतं तसंच पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सरावाने त्यांचा हात इतका जलद झाला होता, की चुकलेली नोंद त्या ८ सेकंदांच्या आत दुरुस्त करत. ती दुरुस्ती सॉफ्टवेअरपर्यंत नीट पोचतच नव्हती. सावकाश टाइप करणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता.

‘मला दिसलं नाही’ हे विधान माझ्याबद्दलचं आहे. ते नकळत ‘घडलंच नाही’ असं होतं, तिथे अन्याय सुरू होतो. सांगणारा एकटा असतो, त्याच्याकडे पुरावा नसतो, आणि निवाडा मात्र यंत्र बनवणाऱ्याच्या हातात असतो.

पण प्रत्येक तक्रारीमागे धावायला वेळ कुठून आणणार? आक्षेप खरा आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेलं ‘पाथफाइंडर’ काही दिवसांत आपोआप रीसेट होऊ लागलं. महत्त्वाचं काम एका किरकोळ कामासाठी अडून राहत होतं, आणि त्या किरकोळ कामाला मधलीच कामं पुढे सरकू देत नव्हती. हा दोष उड्डाणाआधी पृथ्वीवरही दिसला होता. पुन्हा दाखवता आला नव्हता. सगळं लक्ष यान सुखरूप उतरवण्याकडे होतं. तरीही आतल्या हालचालींची नोंद ठेवणारी सोय त्यांनी सॉफ्टवेअरमधून काढून टाकली नव्हती. तिच्याच आधारे पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेत दोष पकडला गेला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली गेली.

दोन्हीकडे दोष निसटला. एकीकडे फाइल बंद झाली, दुसरीकडे दार उघडं ठेवलं गेलं.

उलव्याहून रोज महापे-ऐरोलीला जाणाऱ्या कुठल्याही टेस्टरला विचारा : ‘पुन्हा घडवता आला नाही’ असा शेरा मारून तक्रार मिटवणं किती सोपं असतं. प्रत्येक दोष सापडलाच पाहिजे, असं कर्तव्य कुणावर लादता येत नाही. सांगणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्याच वेगाने एकदा करून पाहणं मात्र नक्कीच कर्तव्य आहे. डॉक्टरसमोर कधीच न उठणाऱ्या दुखण्यालाही हाच न्याय लागू होतो.