पान उलटून पाहा

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीकडे शिवारभर धानाच्या बांध्या. भाजी पिकते ती घरामागच्या सांदवाडीत: चार वांगी, मिरची, टमाटर, कुंपणावर वालाचा वेल. या सांदवाडीला सगळ्यांत जास्त गरज असते ती सकाळच्या एका फेरीची. चालता चालता पान उलटून पाहायचं, बस. किडीचा बराचसा संसार पानाखाली असतो. मावा तिथेच बसून रस शोषतो, पांढरी माशी तिथेच अंडी घालते. वरून पान हिरवंगार असतं. ते आकसून पिवळं पडेपर्यंत कीड वाडीभर पसरते आणि मग दुकानातली जहाल बाटली आठवते. आज दिसलेला मावा अंगठ्याने पुसून जातो.

वांग्याचा एखादा शेंडा मान टाकतो. पाणी कमी पडलं असं वाटतं, पण आत अळी शिरलेली असते. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. शेंडा चार बोटं खालून कापून जाळायचा. तिथेच टाकला तर अळी मातीत कोष करते आणि तिचा पतंग पुन्हा वांग्यावर येतो. माणसांचंही असंच, दुखणं आत असतं. घरातलं कुणी दोन दिवस अर्धं ताट ठेवून उठतं, तोंडाने मात्र ‘काही नाही’ म्हणतं. अशा वेळी शेजारी जाऊन बसावं. महिन्याने सगळं समजून घ्यायला बसलो, तर बोलणं फार अवघड झालेलं असतं.

कीड वाढलीच, तर निंब आहे. पावसाच्या तोंडावर वेचून वाळवलेली निंबोळी 50 ग्रॅम कुटायची, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळून त्यात किंचित साबण मिसळायचा आणि ऊन उतरल्यावर हा अर्क पानांच्या खालून फवारायचा. कडक उन्हात त्याचा गुण लवकर जातो. निंबोळी किडीला जागीच मारत नाही. तिची भूक मोडते, कात टाकणं बिघडवते. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी तशीच दिसली तरी थांबावं. हा दोन-चार दिवसांचा धीर मला फार मोलाचा वाटतो, कारण तेवढ्यात मदतीला येणारेही दिसू लागतात. माव्यात फिरणारी काळी, नारिंगी ठिपक्यांची खरखरीत अळी म्हणजे ढालकिड्याचं पिल्लू. तिला चिरडू नका, ती मावाच खाते. जहाल औषध दोघांनाही मारतं. मावा आठवड्यात पुन्हा वाढतो. ढालकिडा परतायला बराच वेळ लागतो.