संपर्क क्षेत्राच्या बाहेर

भाचा इंटरव्ह्यूहून परत आला तेव्हा मी खळ्यात सुपारी सोलत बसलो होतो. रात्रभर एसटी, रत्नागिरी स्टँडवरून वाडीची पहिली गाडी आणि मग पाखाडीच्या ११२ पायऱ्या. पायातले नवे बूट त्याने हातात घेतले होते. पडवीत बॅग टाकली, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामा, खोटं बोललो नि तिथल्या तिथे सापडलो."

ही गोष्ट एप्रिल २०२३ ची. कंपनीचं नाव सांगत नाही. देशात मोठ्या मोबाइल कंपन्या उरल्यात किती, एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या, त्यातलीच एक. पोरगा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, हुशार, पण बुजरा. म्हणून दोन महिने रत्नागिरीत क्लास लावला होता. त्या क्लासात इंटरव्ह्यूला कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, कधी हसायचं, सगळं शिकवत. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना केला, फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, असं सगळं याचं तोंडपाठ. रोज संध्याकाळी गोठ्यासमोर उभा राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायचा. 'माय स्ट्रेंथ इज' कानावर आलं की म्हैस रवंथ थांबवून बघायला लागायची, इतकी तिलाही सवय झाली होती.

निघताना बहिणीने डझनभर हापूस बांधून दिले. साहेबांना द्यायला. मी ते पिशवीतून काढून घेतले. आंबा खाऊन नोकरी देणारा साहेब उद्या आंब्यापायीच काढून टाकेल, एवढंच म्हणालो. तिने तोंड वाकडं केलं, ते अजून सरळ झालेलं नाही.

पुण्यात बाणेरला काचेची इमारत. बावीस पोरं. आधी गटचर्चा, मग टेक्निकल. दोन्ही निघाली. तिसऱ्या फेरीला टेबलापलीकडे तिघं होते, त्यातल्या मधल्या मॅडम मराठीच. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या गावात आमच्या कंपनीची रेंज कशी आहे?"

आता, आमची वाडी म्हणजे खोलगट भांडं. वर सपाट कातळाचा सडा, खाली पऱ्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये पोफळीच्या आगरांत दडलेली बेचाळीस घरं. रत्नागिरी शहर जेमतेम बावीस किलोमीटर. तरी फोन लागायचा तर पाखाडी चढून सड्यावर जावं लागतं. लॉकडाऊनात कोकणातली पोरं शाळेच्या तासासाठी डोंगरावर जाऊन बसायची, त्यात आमचीही होती. हे सगळं याला माहीत. पण क्लासात शिकवलेलं की कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही. हा हसून म्हणाला, "एकदम छान, मॅडम. फुल रेंज."

मॅडमनी फाइल उलटली. म्हणाल्या, "या इंटरव्ह्यूची आठवण करून द्यायला आम्ही तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा आमच्याच बाईने सांगितलं, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

तिघंही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं भाचा म्हणाला. पुढे त्यांनी, आम्हाला काही विचारायचंय का, असं विचारलं. यानेही क्लासातला प्रश्न म्हणून दाखवला: कंपनीची पुढच्या पाच वर्षांची दिशा काय? उत्तर मिळालं, पण ते कानात शिरलं नाही. आठ दिवसांनी नकाराचा मेल आला. तोही त्याने सड्यावर जाऊनच वाचला.

मी स्वतः फोनवाला माणूस. १९८६ ला टेलिफोन खात्यात लागलो, लाइनमन म्हणून. मग खात्याचं बीएसएनएल झालं आणि ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन ७८ हजारांहून जास्त माणसं एका दिवसात घरी बसली, त्यातला एक मी. चौतीस वर्षं खांबावर काढली. १९८ ला तक्रार नोंदली की आमच्याकडे यायची. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी एका खोताच्या घरी जाऊन, न तपासताच, "लाइन एक्स्चेंजपासून बरी आहे, दोष तुमच्या यंत्रात असेल" असं ठोकून दिलं होतं. बरोबरच्या जुन्या लाइनमनने मला तिथे काही म्हटलं नाही. बाहेर आल्यावर मात्र परत आत पाठवलं आणि त्याच यंत्रावरून एक्स्चेंजला फोन लावायला लावला. लागला नाही. मग खांबान् खांब बघत आम्ही पावणेदोन मैल चाललो. एका जोडात पाणी शिरलेलं. तार हिरवी पडली होती.

हे मी भाच्याला सांगितलं नाही. सांगितलेलं कोण ऐकतो? मी त्याला माझी जुनी फॉल्टची वही दाखवली. कुठल्या खांबावर काय, कधी, कशाने: नारळाचं झाप पडलं, खारीने वायर कुरतडली, खाऱ्या वाऱ्याने गंज धरला. तो चाळत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि म्हणाला, "मामा, चल."

फोनमध्ये सिग्नल आकड्यात बघायची सोय असते. तिथे उणे आकडा दिसतो. उणे सत्तर म्हणजे झकास, उणे शंभरला माणूस "हॅलो, हॅलो" करायला लागतो आणि उणे एकशे दहाच्या पुढे नुसता श्वास ऐकू येतो. आम्ही दोघं आठ दिवस वाडीभर हिंडलो. देवळाच्या पारावर उणे १०८. शाळेच्या तिसऱ्या पायरीवर १०५, चौथीवर काहीच नाही. पाखाडीच्या साठाव्या पायरीला एक कुंभ्याचं झाड आहे, त्याला पाठ लावून सड्याकडे तोंड करून उभं राहिलं की १०१ आणि नुसतं वळलं की गेला. म्हणजे आपलंच अंग आडवं येत होतं! भाचा त्या झाडाभोवती गोल गोल फिरत होता तेव्हा वरून गुरं घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "पोराला कोणी काय केलंनीत काय?"

सड्यावर मात्र ७४. तिथून टॉवर समोर दिसतो, सरळ रेषेत सव्वादोन किलोमीटर. आमच्या सड्यावर उक्षीसारखा कातळात कोरलेला हत्ती नाही, नाहीतर २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा आमच्याकडेही कोणी फिरकलं असतं. आमच्या कातळावर फक्त माणसांच्या बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. मुंबईला मुलगा असलेले इकडे, लेकीला फोन करणाऱ्या बाया तिकडे करवंदीच्या जाळीशी.

श्रावणात त्याने सगळं पुन्हा मोजलं. झाडं पानांनी भरली होती आणि पारावरचा १०८ आता ११२ झाला होता. वीज गेली की किती वेळाने टॉवर बंद पडतो, तेही लिहिलं. त्याची बॅटरी किती टिकते ते त्यावरून कळतं. मी लिहायला सांगितलं नव्हतं. वहीच्या शेवटी त्याने वाडीचा नकाशा काढला, घर न् घर दाखवून. जिथे रेंज तिथे हिरवी टिकली, नाही तिथे लाल. वहीभर लालच लाल. गणपतीला आलेल्या मुंबईकरांनी तो नकाशा बघितला आणि आपापल्या घरावरच्या लाल टिकलीबद्दल त्यालाच शिव्या दिल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीची जाहिरात आली. तीच काचेची इमारत. मॅडम नव्हत्या, दुसरे दोघं होते. आणि गंमत म्हणजे गावातल्या रेंजचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. भलतेच प्रश्न निघाले. दोनांची उत्तरं याला आली नाहीत, "येत नाही" म्हणाला. एकाचं अर्धवट आलं, तेही "एवढंच येतं" म्हणून सांगितलं. वही बॅगेतच. ते फाइल मिटत होते. जाता जाता नेहमीचं विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

याने वही काढून टेबलावर ठेवली. "सर, माझ्या वाडीत तुमची रेंज नाही. टॉवर सव्वादोन किलोमीटरवर आहे. का नाही?"

त्यातले एक साहेब चष्मा वर करून वही बघायला लागले. साठावी पायरी, कुंभ्याचं झाड, श्रावण. वीस मिनिटं गेली. मग त्यांनी कोऱ्या कागदावर टॉवर काढून दाखवला. तीन दिशांना तीन अँटेना, त्यातली एक हायवेकडे तोंड करून. सड्याच्या कडेची सावली वाडीवर पडते, उन्हाची पडते तशीच. अँटेना थोडी खाली झुकवली तर पाखाडीच्या निम्म्यापर्यंत येईल, पण हायवेवरच्या गाड्यांची तुटेल. आणि नवा टॉवर? साहेब म्हणाले, "बेचाळीस घरं. खरं सांगतो, परवडत नाही." भाचा म्हणतो, त्या दिवसात त्याला सगळ्यात बरं वाटलं ते हे वाक्य ऐकून. नोकरीच्या होकारापेक्षाही.

होकार दोन आठवड्यांनी आला. काम ड्राइव्ह टेस्टचं, म्हणजे गाडीत यंत्र ठेवून रस्त्यारस्त्याने सिग्नल मोजत हिंडायचं. जे त्याने इथे पायी केलं तेच, आता चार चाकांवर, पगारी. पहिली नेमणूक चंद्रपूर जिल्ह्यात मिळाली. बहीण म्हणाली, एवढं लांब? मी म्हटलं, जंगलातही माणसं राहतात आणि त्यांनाही लेकी असतात. या खेपेला आंब्याची पेटी मी स्वतः बांधून दिली, सोबतच्या पोरांना म्हणून.

वही तो घेऊन गेला. मागच्या कोऱ्या पानांवर तिथली गावं लिहितो म्हणतो.

आमच्या वाडीत अजून रेंज नाही. भाच्याशी बोलायचं असलं की मी आणि बहीण संध्याकाळी सहाला पाखाडी चढतो. ती मधे साठाव्या पायरीला, कुंभ्याच्या झाडाशी दम खायला बसते. मी वरपर्यंत जातो.