मालकी सरकारची, कारभार विद्यापीठाचा

शिकागो शहराच्या नैऋत्येला अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथली जमीन, इमारती आणि यंत्रे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मालकीची आहेत आणि खर्चाचा मुख्य भारही सरकारी तिजोरीवरच आहे. तिथले शास्त्रज्ञ मात्र सरकारी नोकर नाहीत. त्यांची नेमणूक ‘युशिकागो अरगॉन एलएलसी’ ही कंपनी करते आणि ही कंपनी शिकागो विद्यापीठाची आहे. ऊर्जा खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी १६ प्रयोगशाळा अशाच कराराने बाहेरच्या संस्था चालवतात. कुठे विद्यापीठ स्वतः, कुठे विद्यापीठांचा संघ, तर कुठे उद्योगांशी भागीदारी, एवढाच काय तो फरक. करदात्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेचा कारभार कंपनीच्या हाती का द्यावा, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. माझ्या मते ही व्यवस्था मुळात शहाणपणाची आहे. मात्र विद्यापीठ केवळ नावापुरते न उरता जबाबदारी अंगावर घेत असेल आणि सरकारकडे त्या कामाची जाण असलेली स्वतःची माणसे असतील, तोवरच तिचे शहाणपण टिकते.

ही व्यवस्था युद्धकाळातल्या गरजेतून जन्मली. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणातील प्रेक्षकसज्ज्याखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. पैसा आणि गुप्ततेचा पहारा सरकारचा होता, पण माणसे विद्यापीठांची होती. पुढच्याच वर्षी अणुबॉम्बसाठीची लॉस अलामोस प्रयोगशाळा उभी राहत असताना शास्त्रज्ञांना सैन्यात अधिकारी म्हणून दाखल करून घेण्याचा विचार होता. इसिडोर राबी आणि रॉबर्ट बाकर या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याला ठाम विरोध केला. हुद्द्याच्या उतरंडीत मोकळी वैज्ञानिक चर्चा होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. सैन्यभरतीचा बेत मागे पडला आणि लॉस अलामोसचा करार कॅलिफोर्निया विद्यापीठाशी झाला. युद्ध संपल्यावर १ जुलै १९४६ रोजी अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा म्हणून अस्तित्वात आली आणि तिचा कारभार शिकागो विद्यापीठाकडेच राहिला. २००६ मध्ये खुल्या स्पर्धेतून तो पुन्हा त्याच विद्यापीठाला मिळाला, या वेळी त्यासाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीमार्फत.

या साऱ्यामागचे तत्त्व साधे आहे. काय साधायचे ते सरकारने सांगावे आणि कसे साधायचे ते जाणकारांनी ठरवावे. सरकार आणि संशोधक यांच्यातल्या या अंतराचे फळ अरगॉनच्या इतिहासात दिसते. २० डिसेंबर १९५१ रोजी अरगॉनने आयडाहोत उभारलेल्या अणुभट्टीच्या विजेवर चार दिवे लागले. अणुऊर्जेपासून मिळालेली ती पहिली उपयुक्त वीज होती. नव्वदच्या दशकात अरगॉनमध्ये क्ष-किरण निर्माण करणारे प्रचंड वलय उभे राहिले. आज दरवर्षी हजारो बाहेरचे संशोधक ते वापरतात. रायबोसोमच्या रचनेवरील ज्या संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले, त्यातही या क्ष-किरणांचा उपयोग झाला होता आणि त्या पारितोषिकाचे एक मानकरी वेंकटरमण रामकृष्णन होते. शेव्हरोले व्होल्ट या मोटारीच्या बॅटरीत वापरलेले धनाग्राचे रसायनही अरगॉनमध्येच विकसित झाले. वार्षिक अंदाजपत्रक आणि बदलणारी मंत्रिमंडळे यांच्या तालावर अशी कामे होत नाहीत. दोन-दोन दशके एका प्रश्नाचा पाठपुरावा करणारी माणसे टिकवण्यासाठी भरती, वेतन आणि बढतीचे निर्णय सरकारी नियमावलीपासून थोडे दूर असावे लागतात.

यावरचा पहिला आक्षेप असा की हे मागल्या दाराने आलेले खासगीकरण आहे. तो पूर्णपणे खरा नाही. करार संपला की कंपनी जाते, प्रयोगशाळा सरकारचीच राहते. शोधाचे पेटंट कंपनीच्या नावावर असले, तरी तो शोध मोबदल्याविना वापरण्याचा हक्क सरकारकडे असतो. क्ष-किरणांच्या वलयावर, निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकाला शुल्क पडत नाही. निष्कर्ष स्वतःपुरते राखू पाहणाऱ्याला मात्र पूर्ण खर्च भरावा लागतो. ऊर्जा खाते दरवर्षी प्रयोगशाळेच्या वैज्ञानिक कामाला, सुरक्षिततेला आणि व्यवस्थापनाला श्रेणी देते आणि त्या जाहीरही करते. तरीही आक्षेपात तथ्याचा अंश आहे. वेगळी कंपनी काढली की विद्यापीठाची आर्थिक जबाबदारी त्या कंपनीच्या चौकटीत मर्यादित होते. अणुअपघाताच्या भरपाईचा भार १९५७ पासूनच्या कायद्याने सरकारने उचलला आहे. म्हणजे काही बिघडले तर विद्यापीठाचे पैसे फारसे जात नाहीत. पणाला लागतात ते करार आणि अब्रू.

केवळ अब्रूच्या भरवशावर राहता येत नाही, हे ब्रूकहेवनने दाखवून दिले. न्यूयॉर्कजवळची ही प्रयोगशाळा १९४७ पासून नऊ नामांकित विद्यापीठांनी स्थापन केलेली संस्था चालवत होती. १९९७ च्या सुरुवातीला तिथल्या अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनाच्या कुंडातून किरणोत्सारी ट्रिटियम भूजलात झिरपत असल्याचे उघड झाले. ही गळती अनेक वर्षे चालू होती आणि ती ओळखू शकतील अशा निरीक्षण विहिरी खणण्याचे काम लांबणीवर पडले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ऊर्जामंत्री फेदेरिको पेन्या यांनी पन्नास वर्षांचा करार रद्द केला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी मात्र प्रयोगशाळेबरोबरच ऊर्जा खात्याच्या देखरेखीवरही ठपका ठेवला, आणि मला तोच निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. नऊ विद्यापीठांची जबाबदारी प्रत्यक्षात कुणा एकाचीच नसते. आणि काम दुसऱ्याला सोपवणाऱ्या सरकारला त्या कामातले कळेनासे झाले, तर कराराचा कागद कुणाचेही रक्षण करत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. विद्यापीठे ढिली असतात, तेव्हा उद्योगांना आणा, मोबदला वाढवा, स्पर्धा लावा, असे तो सांगतो. लॉस अलामोसमध्ये नेमके हेच केले गेले. सुरक्षेतील चुकांच्या मालिकेनंतर २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एकहाती कारभार संपला आणि बेक्टेलसारख्या कंपन्यांसह काढलेली नवी कंपनी आली. विद्यापीठाला वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर मिळत. नव्या कंपनीला कमाल सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर मिळू शकत होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये लॉस अलामोसमध्ये भरलेले किरणोत्सारी कचऱ्याचे एक पिंप न्यू मेक्सिकोतील भूमिगत साठ्यात फुटले. कचऱ्यात खनिज शोषकाऐवजी सेंद्रिय शोषक मिसळला गेला होता. तो साठा जवळपास तीन वर्षे बंद राहिला. २०१८ मध्ये ही कंपनीही गेली. स्पर्धेने दर काही वर्षांनी प्रश्न विचारला जातो, ते चांगलेच. पण वाढीव मोबदल्याने दक्षता विकत घेता येत नाही.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. भारतातली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये सरकारी खाते म्हणून नव्हे, तर नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. टाटा विश्वस्त निधीच्या आधाराने १९४५ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या घडणीतही शासन आणि संशोधन यांच्यात अंतर राखण्याचा विचार होता. अमेरिकेतील कंपनीचा साचा आपण उचलण्याची गरज नाही. उचलावे ते त्यामागचे तीन नियम. उद्दिष्ट सरकारचे आणि पद्धत संशोधकांची, हे करारात लिहिलेले असावे. जबाबदार संस्था एकच आणि नावानिशी ठरलेली असावी. आणि दरवर्षीचे मूल्यमापन जनतेपुढे यावे. यातला एक नियम गळला की स्वायत्तता ही बेजबाबदारपणाची सबब ठरते, नाहीतर देखरेख ही नुसती कागदी हजेरी होते. प्रयोगशाळा कुणाच्या मालकीची, यापेक्षा तिथे चूक झाल्यावर उत्तर कोण देणार, हा प्रश्न आपण अधिक आग्रहाने विचारला पाहिजे.