युरोपच्या भरवशावर

पोलंडमध्ये १८६३ साली रशियाविरुद्ध झालेल्या उठावाचे कारण म्हणून सक्तीच्या सैन्यभरतीकडे बोट दाखवले जाते. ते खोटे नाही. नागरी कारभाराचा प्रमुख विएलोपोल्स्की याने शहरांतील संशयित तरुणांच्या याद्या करून नेमके त्यांनाच फौजेत ओढायचे ठरवले, वॉर्सात धरपकड झाली आणि २२ जानेवारीला उठाव पुकारला गेला. पण भरतीने ठरली ती उठावाची तारीख. धड बंदुका नसलेले लोक रशियासारख्या सत्तेशी वर्षाहून अधिक काळ कशाच्या बळावर झुंजले, हे समजायला एक जुनी कल्पना तपासावी लागते: पोलंडचा प्रश्न हा साऱ्या युरोपचा प्रश्न आहे.

या कल्पनेला कागदोपत्री आधार होता. पोलंडचे राज्य झारकडे असले तरी त्याची राज्यघटना वेगळी राहील, असे १८१५ च्या व्हिएन्ना करारात ठरले आणि त्यावर ब्रिटन व फ्रान्सनेही सह्या केल्या. म्हणजे घटना मोडणे हा युरोपशी केलेला करारभंग होता. १८३०-३१ चा उठाव चिरडून झारने ती घटना रद्द केली, तेव्हा या दोन्ही देशांनी निषेधापलीकडे काही केले नाही. तरीही देशांतर केलेल्या पोलिश पुढाऱ्यांचा म्होरक्या प्रिन्स चार्टोरिस्की पॅरिसमध्ये तीस वर्षे हाच युक्तिवाद लढवत राहिला. क्रिमियाच्या युद्धात रशिया याच दोन देशांकडून हरला, पण १८५६ च्या तहात पोलंडला जागा मिळाली नाही. त्याच वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरने वॉर्सात येऊन स्वप्ने सोडा, असे बजावले.

मग ही भाबडी आशा होती का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रीस, बेल्जियम आणि १८५९ मध्ये इटली यांना परक्या सत्तांच्या मदतीचा लाभ झालेला पोलिश नेत्यांनी पाहिला होता. फरक भूगोलाचा होता. त्या देशांपर्यंत फ्रान्स-ब्रिटनची आरमारे किंवा फौजा पोहोचू शकत होत्या. पोलंड मात्र त्याची वाटणी करणाऱ्या रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांच्याच मध्ये अडकलेला. त्यांपैकी प्रशियाने तर फेब्रुवारीतच रशियाशी करार करून बंडखोरांचा सीमेपलीकडे पाठलाग करण्याची मुभा दिली. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या या चालीने रशियाच्या घरचे भांडण युरोपच्या दारात आले आणि पोलिश आशेला उलट बळच मिळाले. एप्रिलमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि ऑस्ट्रियाने रशियाला खलिते धाडले. जूनमध्ये माफी, स्वायत्तता वगैरे सहा मागण्या केल्या. सैन्य पाठवण्याची तयारी कोणाचीच नव्हती. ब्रिटनला झारपेक्षा फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनची ऱ्हाईनवरची नजर जास्त खुपत होती आणि ऑस्ट्रियाच्या ताब्यात स्वतःचा पोलिश प्रांत होता. रशियाचा परराष्ट्रमंत्री गोर्चाकोव्ह याने मागण्या फेटाळल्या.

निदान दबाव तरी आला, असे कोणी म्हणेल. माझ्या मते त्या दबावाने घात केला. परक्यांच्या धमकीमुळे रशियन लोकमत झारभोवती एकवटले. इकडे बिचकणारे जमीनदार पॅरिसच्या इशाऱ्यांवर विसंबून उठावात उतरले आणि युरोप येईपर्यंत तग धरणे हीच रणनीती झाली. शेतकऱ्यांना जमीन देण्याची घोषणा उठावाच्या पहिल्याच दिवशी झाली होती. खरे बळ तिथे होते. पण तिची अंमलबजावणी जमीनदारांच्या नाखुशीत रेंगाळली. शेवटी मार्च १८६४ मध्ये झारनेच फर्मान काढून ती जमीन शेतकऱ्यांना दिली आणि उठावाच्या हातचा शेवटचा पत्ता काढून घेतला. ऑगस्टमध्ये उठावाचा नेता त्राउगुत वॉर्सात फासावर गेला, तेव्हा खलिते धाडणाऱ्या तिन्ही सरकारांनी पोलंडचा विषय केव्हाच बाजूला ठेवला होता.