माफी कुणाच्या हातची?

‘ययाति’ वाचून झाल्यावर राजाची कीव येते की राग येतो, यावरून आमच्या गोंदिया जिल्ह्यात मी चांगल्या वाचकांचे वाद रंगलेले ऐकले आहेत. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी 1959 साली आली. पुढे 1974 सालचे ज्ञानपीठ, मराठीतले पहिले, तिच्यामुळेच खांडेकरांना मिळाले. तरीही ययातीला क्षमा करायची की नाही, हे तिच्या वाचकांना अजून एकमताने ठरवता आलेले नाही.

अर्जुनी मोरगावकडचे एक निवृत्त मास्तर म्हणतात, “चुकला, पण शेवटी वळला ना!” त्यांच्या दृष्टीने माणसाचे वळणे हीच कादंबरीची कमाई. मला या म्हणण्यात झाडीपट्टीची रंगभूमी दिसते. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. घर उधळणारा मुलगा शेवटच्या अंकात आईच्या पायावर पडला की मांडवात पदर डोळ्यांना लागतात. वर्षभर धानाच्या बांधीत राबलेल्या माणसांना ते रडणे खोटे वाटत नाही, आणि ते खोटे नसतेच.

पण त्याच भागातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “त्याला पश्चात्ताप झाला, पण अलकेचे काय?” कादंबरीतली दासी अलका राजवाड्यातच जिवाला मुकली. तिच्यापाशी माफी मागायला कुणी जाऊ शकत नाही. मास्तरांकडे याला उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही, आणि खांडेकरांनी ते दिले आहे असेही मला वाटत नाही.

महाभारतात शुक्राचार्यांच्या शापाने जख्ख झालेला ययाती मुलांपुढे हात पसरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नकार देतात; धाकटा पुरू तारुण्य देतो आणि राजा ते हजार वर्षे भोगतो. खांडेकरांचा राजा मात्र आपल्या वासनेची लाज वाटून भानावर येतो. त्यांनी ही गोष्ट एकट्या राजाच्या तोंडून सांगितली नाही. त्याची राणी देवयानी आणि प्रेयसी शर्मिष्ठा यांनाही स्वतःचे निवेदन दिले. इथेच वाचकांत फूट पडते. राजाच्या मुखाने ऐकताना आपण त्याच्या वेदनेत गुंततो, आणि देवयानी बोलू लागली की तीच वेदना आपल्याला स्वार्थी वाटू लागते. क्षमेचा हिशेब ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने मांडायचा असतो. ज्याच्या हातून चूक झाली त्याला तो मांडायचा अधिकार नाही, हे या रचनेत आपोआप उघड होते.

गिरीश कार्नाडांनी 1961 साली आपल्या कन्नड ‘ययाति’ नाटकात पुरूची बायको चित्रलेखा उभी केली. नवऱ्याचे तारुण्य सासऱ्याला गेले, आणि हा त्याग तिला कुणी विचारून केला नव्हता. ती आत्महत्या करते. पित्याची माफी आणि पुत्राचे औदार्य यांच्या मधोमध ती उभी आहे, म्हणून मला कार्नाडांची ययातिकथा अधिक कठोर आणि अधिक खरी वाटते.

मास्तरांचे अश्रू मी नाकारत नाही. वळणाऱ्या माणसाला दार उघडे असलेच पाहिजे, नाहीतर कुणी वळणारच नाही. पण दार उघडायचे की नाही, हे घरातल्या माणसांनी ठरवायचे. मांडवात बसलेल्या प्रेक्षकांनी नव्हे. म्हणून माझे एकच मागणे आहे: या दिवाळीत ‘ययाति’ पुन्हा हातात घ्याल, तेव्हा राजाची प्रकरणे बाजूला ठेवून आधी देवयानीची आणि शर्मिष्ठेची वाचा.