गुणांचा आंकडा आणि मुलाचें कूळ

गांवांत परीक्षेचा निकाल लागला म्हणजे ओट्यावर बसलेली मंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला, मुलास किती गुण मिळाले? दुसरा, किंचित् आवाज उतरवून, तो कोणाचा? दुसऱ्याचें उत्तर मिळतांच ऐकणारा मान हालवून म्हणतो, "मग बरोबर आहे." काय बरोबर आहे, हें मात्र तो सांगत नाहीं. ही मान हालविणें न्यायाचें आहे काय, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठीं एका दूरदेशच्या शाळेचें उदाहरण घेतों. कारण आपल्याच गांवचें घेतलें तर वाचक विचार सोडून नांवें ओळखूं लागतील.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं स्टायव्हेसंट या नांवाचें सरकारी हायस्कूल आहे. तें १९०४ सालीं स्थापन झालें. तेथें फी पडत नाहीं, आणि तेथें शिकलेल्या जोशुआ लेडरबर्ग यांस १९५८ सालीं व रोआल्ड हॉफमन यांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हॉफमन तर युद्धाच्या संहारांतून वांचून लहानपणीं अमेरिकेंत आलेले निर्वासित होते. या शाळेंत प्रवेश केवळ एका परीक्षेवर मिळतो. इंग्रजी व गणित हे तिचे विषय, आणि १९७१ सालच्या राज्याच्या कायद्यानें ती पद्धति कायम केली आहे. मुलाचा वर्ण, बापाचा धंदा, शिक्षकाचें मत, यांपैकीं कशालाहि तेथें थारा नाहीं. याहून निःपक्षपाती दार कोणतें असावें?

परंतु २०१९ सालीं या दारांतून कोण आंत गेलें तें पाहा. शाळेनें देऊं केलेल्या ८९५ जागांपैकीं आफ्रिकी वंशाच्या मुलांस अवघ्या ७ मिळाल्या. शहरांतील सरकारी शाळांत दर चार मुलांमागें सुमारें एक मूल त्या वंशाचें होतें. उलटपक्षीं सुमारें दोनतृतीयांश जागा आशियाई घराण्यांतील मुलांकडे गेल्या. हा आंकडा ऐकून न्यूयॉर्कमध्येंहि पुष्कळांनीं ओट्यावरच्या आपल्या मंडळीप्रमाणेंच मान हालविली असेल.

आतां मागील वह्या उघडूं. १९७५ सालीं याच शाळेंत आफ्रिकी वंशाचे ३०३ विद्यार्थी होते, म्हणजे शेंकडा १२. २०१९ सालीं सुमारें ३,३०० विद्यार्थ्यांत ते तीसहि नव्हते. प्रवेश तेव्हांहि परीक्षेवरच होता. चव्वेचाळीस वर्षांत एखाद्या लोकसमूहाची बुद्धि आटते काय? आटत नाहीं, पालटलें तें भोंवतालचें. गरीब वस्त्यांतील शाळांत हुशार मुलांसाठीं जे विशेष वर्ग चालत, ते पुष्कळ ठिकाणीं बंद झाले. परीक्षेच्या तयारीसाठीं पैसे देऊन शिकवणी लावण्याची चाल वाढली. १९६५ च्या कायद्यानें आशियांतील लोकांस अमेरिकेचें दार मोकळें झालें. हे लोक जेथून आले तेथें परीक्षा म्हणजे काय हें घरोघर ठाऊक होतें, आणि नव्या देशांतहि त्यांनीं ती बातमी एकमेकांस दिली. ज्याच्या घरीं ती बातमीच पोंचली नाहीं, तें मूल नापास झालें असें म्हणणें म्हणजे परीक्षेस न बसलेल्यास गुण देण्यासारखेंच आहे.

याहूनहि स्पष्ट उदाहरण मुलींचें. १९६९ पर्यंत या शाळेंत एकहि मुलगी नव्हती. त्या सालीं तेरा वर्षांच्या एका मुलीनें न्यायालयांत दाद मागितली, आणि त्याच वर्षीं मुलींस प्रवेश मिळूं लागला. त्यापूर्वीं कोणी कोष्टक मांडलें असतें तर मुलींच्या रकान्यांत शून्य आलें असतें, आणि मान हालविणाऱ्यानें त्या शून्याचाहि अर्थ लावलाच असता.

म्हणून कोणी म्हणेल कीं परीक्षाच मोडून टाका. २०१८ सालीं नगराध्यक्षांनीं तसेंच सुचविलें; प्रत्येक शाळेंतील उत्तम मुलांस जागा द्याव्या असा त्यांचा बेत होता. तेव्हां आशियाई आईबाप रस्त्यावर आले. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. या शाळेंतील जवळजवळ निम्मीं मुलें अल्प उत्पन्नाच्या घरचीं असतात. खानावळींत भांडीं घासून, मोटारी हांकून आईबापांनीं शिकवणीचे पैसे सांठविलेले असतात. अशा मुलास, 'तुझी जागा तूं दुसऱ्याची घेतलीस,' असें सांगणें मला क्रूरपणाचें वाटतें. राज्याच्या कायदेमंडळानें तो बेत मंजूर केला नाहीं.

मग या दोन मुलांमध्यें न्याय कसा करावा? माझ्या मतें चूक तराजूची कमी, आणि तराजू वाचणाऱ्याची अधिक आहे. बाजारांत धान्य तोललें म्हणजे वजन कळतें. शेतावर पाऊस पडला कीं नाहीं हें कळत नाहीं. तेराव्या वर्षीं दिलेली परीक्षा आधींच्या आठ वर्षांत मुलास काय मिळालें तें दाखविते. तो हिशेब मुलाच्या नांवें लिहिणें अन्याय आहे. तो त्या आठ वर्षांच्या कारभाऱ्यांच्या नांवें लिहिला पाहिजे.

कित्येक सज्जन म्हणतात, मुलांस वंशवार मोजूंच नये. मलाहि पूर्वीं तसेंच वाटे. परंतु 'शेंकडा ८० उत्तीर्ण' एवढें लिहून ठेवलें तर राहिलेले २० कोण, हें कोणासच विचारावें लागत नाहीं. अमेरिकेंत २००२ सालीं झालेल्या कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस आपले निकाल वंश, गरिबी, भाषा व अपंगत्व यांप्रमाणें निरनिराळे दाखवावयास लाविलें, आणि २०१५ च्या कायद्यानेंहि तो नियम राखिला. मोजणें राहूं द्यावें. मात्र मोजलेला कागद मुलाच्या हातीं न देतां शाळेच्या मुख्याध्यापकाच्या व सरकारच्या हातीं द्यावा.

१९७१ च्या त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाहीं. थोड्या गुणांनीं मागें राहिलेल्या गरीब मुलाची शाळेनें शिफारस केल्यास, त्यानें उन्हाळ्याच्या सुटींत नेमलेला अभ्यास पुरा करून दाखवावा आणि मग त्यास प्रवेश मिळावा. २०१८ पासून शहरानें या मार्गानें येणाऱ्यांच्या जागा वाढवीत नेण्याचें ठरविलें. शेंकडा २० पर्यंत त्या न्याव्या असा संकल्प होता. यांत परीक्षाहि राहते आणि कोणाच्या श्रमांस चोरी म्हणावें लागत नाहीं. फक्त कोणीतरी शिक्षकानें त्या मुलाचें नांव वेळेवर लिहून पाठवावें लागतें.